सदतिसावी ओळ

"ही सदतिसावी ओळ काय भानगड आहे?" बाईसाहेबांनी विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर तक्तेसाहेबांचा तक्ता झळकत होता. एकशे बारा ओळी, प्रत्येक ओळीपुढे एक रंगीत पट्टी. जुन्या गोदामातली अकरा हजार खोकी शुक्रवारी संध्याकाळी उचलायला घ्यायची, नव्या गोदामात मांडायची आणि सोमवारी सकाळी सहाला पहिला ट्रक नव्या दारातून बाहेर काढायचा. खोक्यांत पंपांचे सुटे भाग. चिमटीत मावणाऱ्या चकतीपासून दोघांना न उचलणाऱ्या मोटारीपर्यंत. आणि सदतिसाव्या ओळीत लिहिलं होतं: 'फरशीचा रंग वाळणे, सहा तास.'

"रंग वाळायला वेळ लागतो, बाईसाहेब," तक्तेसाहेब म्हणाले. चेहरा असा, की सात पिढ्या रंगाऱ्यांच्याच.

"फरशी महिन्यापूर्वी रंगवलीय. परवा मी तिच्यावरून चालून आले."

"हवा दमट असली तर..."

"महिनाभर?"

बाईसाहेबांनी एक बटण दाबलं आणि ओळ गेली. बाई कंपनीत नव्या होत्या, म्हणून त्यांनी तक्ता वाचला होता. आधीच्या चार साहेबांनी ही चूक केली नव्हती.

तक्तेसाहेबांचा खरा हुद्दा व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी खात असे. लोकांनी त्याचं 'तक्तेसाहेब' करून टाकलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी पाच गोदामं हलवली, तीन उभारली, एक बुडता बुडता वाचवलं आणि प्रत्येक कामाच्या तक्त्यात कुठे ना कुठे रंग वाळवला. ज्या कामात रंगाचा थेंब नव्हता त्यातही वाळवला. ट्रकचं पंक्चर, गेलेली वीज, हमालाचं अचानक दुखणारं पोट, सगळं त्या सहा तासांच्या खड्ड्यात गुपचूप पुरलं जाई. काम वेळेवर होई आणि साहेब लोक म्हणत, "काय अचूक अंदाज!"

आता खड्डा बुजला होता. नव्या हिशेबाने काम रविवारी दुपारी दोनला संपणार होतं, आणि तोवरच्या वेळात एक मिनिट जादा नव्हतं.

घरी वेगळीच बांधाबांध चालली होती. लेकीला पहिली नोकरी लागली होती, रेल्वेने दीड दिवस लागेल अशा शहरात.

"रविवारी संध्याकाळी साडेसातची गाडी आहे," बायको म्हणाली. "येणार आहात ना?"

"तक्त्याप्रमाणे दोनला मोकळा होतो."

"तक्त्याप्रमाणे तर तुम्ही तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही आला होतात."

"आई, जाऊ दे गं," लेक बॅगेची चेन ओढत म्हणाली. "बाबा आले तर आले."

बायकोच्या टोमण्याची तक्तेसाहेबांना सवय होती. लेकीने दिलेली सवलत मात्र लागली. ह्या खेपेला स्टेशनवर पोचायचंच, त्यांनी मनाशी ठरवलं. पण हे त्यांनी कुठल्याच तक्त्यात लिहिलं नाही.

शनिवारी अकरापर्यंत सगळं सुतासारखं सरळ चाललं. मग फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ताईंनी यंत्र बंद केलं आणि त्या खाली उतरल्या. ह्या ताई खाली उतरल्या की काहीतरी बिनसलेलं असतं, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक होतं.

"साहेब, ही मोटार मी इथं ठेवणार नाही."

"अहो ताई, तक्त्यात चार नंबरचंच रॅक आहे."

"मग तक्ताच ठेवा त्याच्यावर. हे रॅक चकत्यांचं आहे. पट्ट्या बघा, माझ्या करंगळीएवढ्या. मोटारी चढवल्या तर संध्याकाळपर्यंत लोटांगण घालेल."

तक्तेसाहेबांनी पाहिलं. खरंच होतं. दणकट रॅक पार दुसऱ्या टोकाला होती आणि त्यांच्यावर चकत्यांची खोकी ऐसपैस बसली होती. रॅकवर आकडे टाकणाऱ्या रंगाऱ्याला बोलावणं गेलं.

"दारापासून एक ते चाळीस असं लिहिलं होतं ना?"

"दारापासूनच टाकलेत, साहेब."

"कुठल्या दारापासून?"

"ज्या दारात माझी शिडी उतरवली, त्या."

गोदामाला दारं दोन होती. तक्त्यात एकशे अकरा ओळी उरल्या होत्या, पण कुठलं दार ते एकाही ओळीत नव्हतं. तक्तेसाहेबांनी सगळं डोळ्यांपुढे धरून लिहिलं होतं. आपले डोळे रंगाऱ्याला लावून द्यायचे राहिले.

चाळीस आकडे उलटे रंगवायचे आणि मांडलेली दोन हजार खोकी फिरवायची. सहा तास. म्हणजे दोनचे वाजणार आठ. गाडी साडेसातची. शिवाय आकड्यांचा रंगही वाळायला हवा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खरोखर रंग वाळायचा होता आणि नेमकी तीच ओळ उडाली होती.

त्यांनी चौघांना एका पालथ्या खोक्याभोवती गोळा केलं: फोर्कलिफ्टच्या ताई, हमालांचे मुकादम, ट्रकवाल्यांचा म्होरक्या आणि संगणकवाला.

"चूक माझी आहे," तक्तेसाहेब म्हणाले. "आणि दुसरं. मी रंग वाळवतो ना, तो खोटा असतो. आपली राखीव वेळ असते ती. ती ह्यावेळी गेली. आणि उद्या संध्याकाळी माझी मुलगी जातेय."

हे शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. ते आपलं आपण आलं.

मुकादमांनी कानामागची विडी काढून पुन्हा कानामागेच ठेवली.

"आता निघालाच आहे विषय, तर आमच्या माणसांचे दीड तास जास्त धरलेत मी."

"माझे दोन," ताई म्हणाल्या.

ट्रकवाला बुटाकडे बघत होता. "एका फेरीला चाळीस मिनिटं म्हणालो होतो. पंचवीसच लागतात. फेऱ्या बारा राहिल्यात."

"म्हणजे तीन तास!" मुकादम ओरडले. "अरे चोरा!"

"तुम्ही काय साव?"

संगणकवाल्याने घसा खाकरला. "उद्याच्या चाचणीला एक तास आहे ना... ती मी कालच उरकली."

बेरीज साडेसात तास झाली. त्यातले काही एकमेकांच्या पोटात होते. ते वजा करूनही सहा भरत होते. तक्तेसाहेब त्या चौघांकडे बघत राहिले. इतकी वर्षं आपण एकटेच पापी आहोत असं त्यांना वाटत होतं.

मग जे काम झालं, त्याला तोड नाही. लपवायचं काही उरलं नाही की माणसं हलकी होतात. रंगारी शिडीवर चढला तो चहालाही उतरला नाही, आणि शिडी धरायला खुद्द तक्तेसाहेब उभे राहिले. खरा रंग मात्र खोट्या रंगाइतका शहाणा नव्हता. तो सावकाश वाळला आणि दोन तास खाऊन गेला. सतरा नंबरचा पिवळा आकडा तर रविवारी दुपारी पुन्हा रंगवावा लागला.

त्या दिवशी साडेचारला दोन फेऱ्या आणि शेवटची मोजणी बाकी होती. स्टेशन दीड तासावर. शेवटचं खोकं आत गेल्याशिवाय तक्तेसाहेबांनी आजवर गोदाम सोडलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, तक्त्याचा कागद घडी घालून ताईंच्या हातात दिला आणि ते बाईसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"मी निघतोय. मुलगी परगावी जातेय. राहिलेलं ह्या ताई बघतील, माझ्यापेक्षा नीट बघतील. चाललं नाही तर उद्या बोलू."

बाईसाहेबांनी चष्मा काढला. "जा की. गिऱ्हाइकाला मी मंगळवार सांगितलाय."

"मंगळवार? आम्हाला सोमवार सांगितलात!"

"मग तुम्हाला मंगळवार सांगून बुधवार करून घेऊ?"

तक्तेसाहेबांना आधी राग आला. जिना उतरेपर्यंत त्याचा आदर झाला. आपण सहा तासांवर समाधान मानत आलो. ही बाई अख्खा दिवस पदराला बांधून फिरते!

ते फलाटावर पोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मायलेकी बाकावर बसल्या होत्या. लेकीने त्यांना पाहिलं आणि ती उठूनच उभी राहिली.

"बाबा? तुम्ही?"

"साडेसातला अजून वेळ आहे ना?" त्यांना धाप लागली होती.

"गाडी सव्वाआठची आहे," लेक म्हणाली आणि आईकडे वळली. "तू यांना साडेसात सांगितलंस?"

"तीस वर्षं संसार केलाय," बायको पाण्याची बाटली पुढे करत शांतपणे म्हणाली. "एवढं येतं मला."

हातात दोन तास होते आणि त्यांत करायचं काहीच नव्हतं. तक्तेसाहेबांना सुरुवातीला जमेना. ते दोनदा उठले, फलकावरची वेळ वाचून आले. मग लेकीने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि शाळेतल्या त्या बक्षिसाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. ते हसले, मध्येच प्रश्न विचारू लागले.

गाडी आली तेव्हा बॅग त्यांनीच उचलून डब्यात दाराशी ठेवली. तेव्हा कुठे लेकीला बॅगेच्या मुठीवरचा पिवळा डाग दिसला. अंगठ्याचा ठसा.

"अहो बाबा, हा रंग ओला आहे!"

"वाळेल."

"किती वेळात?"

"सहा तास धर," तक्तेसाहेब म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी हलली. लेक दारात उभी होती; एक हात हलत होता, दुसऱ्यात बॅगेची ती मूठ होती, ठशाला धक्का लागू नये अशी अलगद धरलेली.