मोठ्या आकड्याची वाट

वसमतच्या हळदीच्या आडतीत फायबरची नवी लाइन मी हट्टाने आणवली, आणि तरीही ऑनलाइन बोली पहिल्यासारखीच अडखळत राहिली. शेवटी सोमेश्वरशेठनी बजावलं, आज अकराच्या बोलीत पुन्हा अडलं तर फायबर काढायचं आणि निता उद्यापासून परत काट्यावर, पोती मोजायला. पोतीच मोजायची होती तर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा कशाला केला? माझं डोकंच फिरलं.

सकाळी आठलाच जाऊन मी राउटरची सेटिंग उघडली. त्यात वाटांची एक यादी असते: कुठे जायचं, कुणाच्या हातून जायचं, आणि शेवटी एक आकडा, मेट्रिक. आमच्या बाहेर जायच्या वाटा दोन. टॉवरवरची जुनी रडकी लाइन, मेट्रिक दहा. नवं फायबर, मेट्रिक शंभर. हे शंभर मीच टाकले होते, मोठ्या कौतुकाने. आडतीत वाढलेलं डोकं माझं. ज्याची बोली मोठी, त्याचाच माल.

तांड्यावर माझा आजा किसनसिंग सांगायचा, त्याचे वाडवडील बैलांवर मीठ लादून निघाले, की वाटेतले नाले मोजून वाट धरायचे. नाले कमी तर तकलीफ कमी. मेट्रिक म्हणजे ही तकलीफच. मी चांगल्या वाटेवर शंभर नाले लिहून ठेवले होते आणि राउटर बिचारा इमानदारीने टॉवरकडे पळत होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

फायबरला दहा केले, टॉवरला शंभर. कुणाला काही कळणार नव्हतं. गप्प बसावं असं फार वाटलं.

अकराची बोली सरसर चालू लागली. शेठ खुशीत म्हणाले, फायबरच्या कंपनीवाल्याला तू चांगलाच दम भरलेला दिसतोय. सगळी आडत ऐकत होती. तरी मी बोलले.

"न्हाई शेठजी. लाइन पयल्यापासून बराबर होती. आकडा मीच उलटा टाकला होता."

शेठचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मंग ह्या टॉवरची लाइन काहून ठेवून राहिलो आपण?"

मी सरळ फायबरची वायर उपटली. शेठ खुर्चीतून उठलेच. यादीतली दहाची ओळ गळाली, राउटरने शंभरची वाट धरली, आणि बोली क्षणभर थबकून हळूहळू पुढे चालू राहिली. मी वायर परत लावली.

शेठ परत खुर्चीत बसले. मग त्यांनी मुनीम प्रेमदासला हाक मारली.

"काट्यावर दुसरं कोणी बघा. ही हितंच बसंल."