सेइगोच्या नावाची चॉकलेटं

“गोदामात पाय ठेवायला जागा नाही, आणि या सेइगोची चॉकलेटं अजून येतच आहेत,” शेजारच्या टेबलावरून मोचिझुकी-सान पुटपुटल्या.

शहाण्णव साली मी जपानमध्ये, कावासाकीतल्या एका व्हिडिओ गेम कंपनीत अर्धा दिवस काम करायचे. चौदा फेब्रुवारीला गेममधल्या पात्रांच्या नावाने चॉकलेटं येत. आम्ही दोघी ती पात्रांप्रमाणे खोक्यांत लावायचो आणि पाठवणारीला त्या पात्राच्या सहीचं आभारपत्र टाकायचो. सही मीच करायची. नवऱ्याला कधी प्रेमाच्या चार ओळी लिहिल्या नाहीत, इथे दिवसाला सत्तर पत्रं.

घोळ होता तो सेइगोचा. डिसेंबरात आलेल्या गेमच्या तिसऱ्या भागात हा तलवारबाज पुलावर लढताना पडला. चौथ्या भागात त्याला परत आणायचं की नाही, हे वरच्यांचं ठरेना. तोवर आमचे साहेब नागासे-सान यांनी एक वाक्य बांधून दिलं होतं: ‘सेइगो सध्या विश्रांती घेत आहे.’ फोनवर तेच, पत्रातही तेच.

दुपारी सेंदाईहून कुदो-सान नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, नगरपालिकेत नोकरीला. तीन वर्षं त्या चॉकलेट पाठवायच्या, यंदा स्वतःच आल्या. एका हातात चॉकलेटचा डबा, दुसऱ्यात उदबत्तीचा पुडा.

“यातलं काय देऊ, ते विचारायला आले,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरी, मी खेळताना, तो एकोणतीस डिसेंबरला पडला. उद्या एकोणपन्नासावा दिवस, गेलेल्याला निरोप देण्याचा. पण विश्रांती घेणाऱ्या माणसापुढे उदबत्ती कशी लावू?”

नागासे-सान कमरेत वाकले. “सेइगो सध्या विश्रांती घेत आहे.”

“हो, जानेवारीत मी लिहून विचारलं, तेव्हा पत्रात तेच आलं.” त्यांनी पर्समधून पत्र काढलं. खाली माझी सही, झोकदार, सेइगोच्या नावाची. “सात आठवडे मी धड रडलेही नाही. कुणी सांगितलं, तर घरी जाऊन रडेन आणि सोमवारपासून नीट काम करेन. एवढंच हवंय.”

मोचिझुकी-सानांनी चहा आणून ठेवला. नागासे-सान पुन्हा वाकले.

मी बाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

“कुदो-सान,” मी म्हटलं, “सेइगो-सान वारले.”