चारांतला एक वेगळा

शुक्रवारी दुपारी चारला फॉर्म बंद होणार होता आणि आज गुरुवारची संध्याकाळ होती. सिंगापुरात, बुकित बातोकमधल्या घरी, अकराव्या मजल्यावर गार्गी लॅपटॉप उघडून बसली होती. समोर तिची आई, गिरिजा, मेथी निवडत होती. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या लॅबमधून ती आत्ताच आली होती. गळ्यातलं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं.

ज्युनिअर कॉलेजची दोन वर्षं. विषय चार: तीन मोठे, पूर्ण अभ्यासाचे; एक लहान, निम्म्या अभ्यासाचा.

"घे लिहून," गिरिजा म्हणाली आणि मेथी खुडता खुडता गुणगुणली:

"पहिली माझी ओवी गं, केमिस्ट्रीच्या बाटलीला,
दुसरी माझी ओवी, बायोलॉजीच्या पेशीला,
तिसरी माझी ओवी गं, गणितातल्या मेल्या एक्सला."

"आणि लहान?"

"फिजिक्स. डॉक्टरकीही उघडी, इंजिनिअरिंगही उघडं. पुण्यात मी अस्सेच चारही घेतले होते."

गार्गीने बटण दाबलं. लाल ओळ आली: चारांतला एक विषय वेगळ्या गटातला हवा.

"म्हणजे गं?"

"सगळं सायन्स कॅनॉट लाह, आई. एक तरी आर्ट्सकडचा लागतो."

"मराठी टाक."

"इथे मराठी कुठे असते?"

"मग हिंदी? ती आहे ना तुझी!"

"ती यात मोजत नाहीत."

"काय मेले नियम! बरं, फिजिक्स काढ, इकॉनॉमिक्स टाक. डॉक्टरकी तरी राहील."

गार्गीचं बोट माउसवरच राहिलं. "मला जिओग्राफी हवीय. मोठ्यांत. बायोलॉजीच्या जागी."

"नकाशात नद्या भरायला डॉक्टरकी सोडायची? बाबांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, आईला विचार."

शामकांत जहाजावर चीफ इंजिनिअर होता, सध्या ब्राझीलच्या वाटेवर. घरातले अवघड निर्णय तो नेहमी असेच समुद्रात सोडून द्यायचा.

"आणि तुला तर फिजिक्स आवडतं," गिरिजा म्हणाली. "वर्ष होत आलं, रोज थर्मामीटर घेऊन खाली जातेस. आठव्या मजल्यावरच्या विनीताला सांगून बसलेय मी."

"आई, ती जिओग्राफी आहे."

"थर्मामीटरची?"

गार्गीने वही आणून मेथीशेजारी ठेवली. तारीख, वेळ सहा, कार पार्कातलं तापमान, रेन ट्रीखालचं तापमान. शाळेचा प्रोजेक्ट जुलैत संपला होता. वही कालपर्यंत भरलेली होती. एका ओळीत 'पाऊस, छत्री धरून घेतलं'. ऑक्टोबरात 'समोरच्या ब्लॉकपुढचं झाड तोडलं, आता तिथेही'. त्यापुढे तिसरा रकाना, आणि त्यातले आकडे झाडाखालच्या आकड्यांपेक्षा दोन-दोन, अडीच-अडीच अंशांनी चढलेले.

गिरिजाने लॅबमधल्यासारखी वही वाचली, ओळीवर बोट ठेवून. एकही दिवस गाळलेला नव्हता. एक आकडा चुकला होता; त्यावर एकच रेघ, शेजारी तारीख आणि गार्गीची सही.

"हे कुणी शिकवलं?"

"तूच. म्हणाली होतीस, लॅबमध्ये खोडरबर चालत नाही, चूकसुद्धा दिसली पाहिजे."

गिरिजा मेथीची पानं उगाच इकडून तिकडे करत राहिली.

"तू चारही घेतलेस," गार्गीने हळूच विचारलं, "मग डॉक्टर का नाही झालीस?"

"दोन डगरींवर हात होता ना. इकडेही थोडे मार्क कमी पडले, तिकडेही." मग ती मेथीकडे बघतच म्हणाली, "काढ ती बायोलॉजी."

"नक्की? मग डॉक्टर होता येणार नाही. नंतर म्हणशील…"

"म्हणेन की! पोळी करपली की म्हणेन. तू काढ."

गार्गीने मोठ्यांत जिओग्राफी टाकली. लहानात, आईकडे न बघता, फिजिक्सच्या जागी बायोलॉजी. या वेळी ओळ हिरवी आली.

"वहीत एक चूक आहे," गिरिजा म्हणाली. "आकडा घेणाऱ्याची सही आहे, तपासणाऱ्याची नाही. आमच्याकडे असा रिपोर्ट परत पाठवतात."

"कोण तपासणार? शेजारचा नील येतो सोबत, पण तो फक्त फोन बघतो."

गिरिजाने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती. तिने हात धुतले, पायात चपला सरकवल्या.

"चल. लिफ्टला वेळ लागतो."

"आणि तुझी चौथी ओवी?"

"आधी आकडा बघू दे."