सुलभाबाईंनी मला उघडलं

मित्रांनो, रंग उडालेली, एका चाकावर डुगडुगणारी गवत कापायची मशीन म्हणजे मी. उज्जैनला फ्रीगंजमध्ये सुलभाबाईंच्या घरामागे माझा मुक्काम असतो. त्यांचे यजमान श्रीधरराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि मोठ्या हौसेने मला घेऊन आले. तेव्हा माझा काय थाट होता! दोरी ओढली की पहिल्याच झटक्यात मी सुरू होई आणि शेजारी कुंपणावरून कौतुकाने बघत. श्रीधरराव मला उघडून साफ करत, सुलभाबाई जवळ बसून त्यांच्या हातात पाने-पकडी देत.

श्रीधरराव वारले आणि मी कोपऱ्यात पडले. मुलगा अमोल सदा घाईत. खंडेनवमीला मात्र त्याने माझीही पूजा केली. पुसायला म्हणून माझा हवेचा फिल्टर काढला, तो तसाच बाजूला ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता उधळल्या आणि बाहेर पळाला. मी धन्य झाले. पण तेव्हापासून सुरू काही होईना.

गवत गुडघ्याला लागलं. अमोल म्हणाला, "आई, मशीन आता खटारा झाली. उद्या टाइल्सवाला येतोय, अंगण पक्कं करून टाकू. सापकिड्यांची झंझट नको."

त्याला आईची काळजी होती, हे मी नाकारत नाही. पण सकाळी त्या गवतावर अनवाणी फिरल्याशिवाय सुलभाबाईंना चैन पडत नसे. त्याने विचारलंच नाही.

तो कामावर गेला आणि बाईंनी पदर खोचला. पेट्रोलची नळी काढली, नट सोडवले आणि माझा कार्बोरेटर हातात घेतला. हवा आणि पेट्रोल तिथेच मिसळतं, म्हणजे माझा घसाच म्हणा ना. त्याच्या झडपेत हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता!

"अगं बाई, पूजेनेच अडवलं की हिला!" बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

मग त्यांनी सगळं धुऊन पुसून, सांध्यातली गॅस्केटची चकती नीट बसवून कार्बोरेटर परत लावला, वर फिल्टर चढवला. दोरी ओढली, तर मी अशी किंचाळत सुटले की बाई दचकल्या. वेग आवरणारी स्प्रिंग अडकवायची राहिली होती. मला बंद करून त्यांनी ती अडकवली, पुन्हा दोरी ओढली, आणि मी शहाण्यासारखी चालू लागले.

संध्याकाळी अमोल आला तेव्हा अर्धं अंगण कापून झालं होतं.

"टाइल्सवाल्याला मना कर," घाम पुसत बाई म्हणाल्या.

"अगं पण आई, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी ना? मग मला विचारायचंस."

अमोलने टाइल्सवाल्याला फोन लावला, "भैया, कल मत आना. मम्मी को घास चाहिए."

मित्रांनो, आम्हाला हळदकुंकू जरूर वाहा, पण अधूनमधून उघडून पुसतही जा. आणि ज्यांच्या सुखासाठी तुम्ही धावपळ करता, त्यांच्याजवळ घटकाभर बसून विचारा, तुम्हाला काय हवं? कधीकधी त्यांना फक्त थोडं गवत हवं असतं.