इंद्रभानच्या गाडीचा हिटर

नांदुऱ्याला जळगाव रोडवर गफ्फार मिस्त्रीचं गॅरेज होतं. तीस वर्षांत त्याच्याकडे ब्रेक, क्लच, पाटे घेऊन कितीतरी गाड्या आल्या. पण हिटर दुरुस्त करा म्हणणारा पहिला माणूस इंद्रभान.

"हिटर?" गफ्फार हसला. "इंद्रभानभाऊ, आपल्या इकडं माणूस कूलर बिघडला का रडते."

इंद्रभान हसला नाही. तो पूर्णेकाठच्या गावचा. दर हंगामात पिकअपमध्ये कापूस भरून जिनिंगला आणायचा. त्या वर्षी मात्र बीटीच्या बोंडांतही गुलाबी अळी निघाली आणि दिवाळीनंतर त्यानं उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला. गाडीत भरायला काही उरलं नाही. आता ती फक्त मंगळवारी आणि शनिवारी अकोल्याला जायची, त्याच्या बायकोला, सत्यभामाबाईला, डायलिसिसला घेऊन.

"मशीनवरून उठली का थरथर कापते ते," इंद्रभान म्हणाला. "भर दुपारच्या उन्हात बी. काचा लावून हिटर चालू करतो, तवा कुठं तिचे दात वाजायचे थांबतात. मंगळवारपासून निस्ती थंडी हवा येऊन राह्यली."

शुक्रवार होता, आणि जुम्म्याची वेळ होत आली होती. गफ्फारनं रेडिएटर उघडला. पाणी कमी होतं. त्यानं पाणी भरलं, इंजिन चालू करून आतली हवा काढली आणि कॅबिनमध्ये हात धरून पाहिला. कोमट लागलं.

"पाइपात हवा धरली होती. झालं काम," असं म्हणून तो हात धुऊन मशिदीकडे निघाला.

सोमवारी सकाळी गाडी पुन्हा दारात उभी. रक्त तपासायचं होतं म्हणून सत्यभामाबाईही सोबत होती. सीटवर गोधडी लपेटून बसली होती. चेहरा सुजलेला, मनगटं काडीसारखी.

"शनिवारी जाताना बाळापूरपर्यंतच चालला," इंद्रभान खालच्या आवाजात म्हणाला. "परत येताना ब्लँकेट टाकलं, गोधडी टाकली, कापसावरची ताडपत्री टाकली. तरी ते कापतच होती."

गफ्फारला तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, "तुमी काऊन खाली पाहता, भाऊ? मशीन हाय. बिघडतेच."

त्या दिवशी त्यानं दुसरी कुठलीच गाडी आत घेतली नाही. इंजिन पंधरा मिनिटं तापू दिलं. काटा मध्यावर येऊन थांबला. म्हणजे इंजिन बरोबर तापत होतं. पंखाही जोरात फिरत होता. मग त्यानं बॉनेटखाली वाकून इंजिनातून कॅबिनमध्ये जाणारे दोन पाइप दोन हातांनी धरले. एक इतका तापलेला, की हात झटकन काढावा लागला. दुसरा थंडगार. शुक्रवारी एवढं केलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. ते त्याला तिथंच वाकलेल्या अवस्थेत कळलं आणि तो थोडा वेळ वर आलाच नाही.

"गरम पानी हिटरच्या जाळीत जाते, पन बाहेर निंगत नाई," तो शेवटी म्हणाला. "जाळी चोक झाली."

त्यानं दोन्ही पाइप सोडले आणि उलट्या बाजूनं पाण्याचा जोर दिला. आधी गंजाचं लाल पाणी आलं. मग खाली ठेवलेल्या घमेल्यात पांढऱ्या खपल्या पडू लागल्या, चुन्यासारख्या. गफ्फारनं एक बोटात चुरडली.

"यात कोन्तं पानी टाकता?"

"घरच्या बोरचं."

"खारं पानी गाडीले चालत नाई, भाऊ. त्यानं आतून..."

पुढचे शब्द त्यानं गिळले. इंद्रभानच्या एकाच गल्लीत चार जण डायलिसिसवर होते. पाण्यानंच झालं, असं कुठला डॉक्टर छातीठोक सांगत नव्हता. नाही, असंही कोणी म्हणत नव्हतं.

सत्यभामाबाई दारातून वाकून घमेल्यात बघत होती. "बावीस वर्सं तेच पेलो आमी," ती म्हणाली. "पान्याच्या गुंडाच्या बुडाले असंच बसे. मी राखेनं घासून काढो." घरकामातली एखादी गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. इंद्रभान रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

स्वच्छ पाणी येईपर्यंत गफ्फारनं जाळी धुतली. कूलंट भरलं. या वेळी अर्धा तास गाडी चालू ठेवली आणि मगच तिला म्हणाला, "वहिनी, आता पाहा."

तिनं दोन्ही तळवे डॅशबोर्डच्या झरोक्यासमोर धरले. हवा चांगली गरम होती. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

मंगळवारी दुपारी फोन आला. गफ्फारनं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली.

इंद्रभान अंगणात बसला होता. घरात बाया रडत होत्या. गफ्फार शेजारी बसला तसा तो आपणहून बोलू लागला, जणू मघापासून त्याचीच वाट पाहत होता.

"अकोल्याहून निघालो, अन् तिनं शाल काढली. दिवाळीपासून अंगावरची शाल नोती काढली तिनं, गफ्फारभाई. म्हने, लय बरं वाटते. मंग डोये मिटले. मी म्हटलं, झोपू दे. बाळापूर गेलं, खामगाव गेलं. मधात एकदा हात धरून पाह्यला. गरम होता. गरम होता म्हून म्या गाडी नाई थांबवली. घरी आल्यावर उठवाले गेलो..."

त्यानं अंगणाबाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं.

"कुठं गेली ते, मले मालूमच नाई. बाळापुरात का खामगावात. मी तिच्याशी बोलत बोलत आलो."

गफ्फारला खूप काही म्हणायचं होतं. शनिवारची माफी मागायची होती. हात गार लागला असता तर खामगावच्या दवाखान्यात गाडी वळली असती का, हे कोणालातरी विचारायचं होतं. ऊब दिली हे बरं केलं की वाईट, तेही. पण विचारणार कोणाला? त्यानं इंद्रभानच्या पाठीवर हात ठेवला. सदरा घामानं चिंब होता; सगळी वाट बंद काचांच्या आत तो असाच भिजत आला होता.

अंगणाच्या कोपऱ्यात दोघं जण तिरडी बांधत होते. बांबू सारखा सरकत होता. गफ्फार उठला, त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि त्यानं बांबूचं टोक घट्ट धरलं.