जीभ जाण्याआधी

जयाची जीभ काढणार होते. तिचा नवरा कपिल फोनवर 'छोटंसं ऑपरेशन' म्हणत होता. छोटंसं! जीभ म्हणजे काय वाढलेलं नख आहे?

मला ते जयानंच सांगितलं. मी वावरात कापूस वेचत होते, कमरेची ओटी भरून जड झाली होती, तेव्हा फोन वाजला.

"दिपे, सोमवारी कापून राह्यले."

"काय कापून राह्यले?"

"सोयाबीन! अवं जीभ. डॉक्टर म्हणे मुळापाशी राहीन तेवढी ठेवू, पन बोलनं गेलं असंच धरून चाला."

 आम्हा दोघींतली एक आधीच मुकी झाली, ती मी.

जया आमच्या फुलसावंगीजवळच्या तांड्यातली. शाळेत आम्ही एका बाकावर. मी कुणब्याची, ती बंजाऱ्याची, आणि मास्तर आम्हाला वेगळं बसवून थकला. लग्न झालं तशी ती कपिलसोबत ऊसतोडीला सांगलीकडे गेली आणि पुढं तिकडंच राहिली. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचं. भाकर खायला वेळ नाही, मग गालात तंबाखू. तंबाखूनं भूक मरते. आधी भूक मारायला बाईच्या तोंडात तंबाखू भरू द्यायची आणि मग कॅन्सर झाला की दवाखान्यात कागदावर लिहायचं, 'पेशंटला व्यसन होतं'. उपाशी होती, असं कोणी लिहिलं नाही.

मी घरी सांगितलं, मी जाते. सासरे विठ्ठलराव खाटेवर होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, ते मीच करत होते.

"कोन लागते ते तुही?" त्यांनी विचारलं.

"मैत्रीण."

"मैत्रिणीसाठी कोनी येवढ्या दूर जाते का? तिचे मानसं नाईत काय?"

चुलत नणंद असती तर गाडी करून पाठवलं असतं. नवऱ्याच्या आतेबहिणीची जाऊ असती तरी चाललं असतं. मैत्रीण कोणाचीच कोणी नसते. मी भांडले. मग म्हातारा हळूच म्हणाला, "मले पलटवाले कोन येईन, सांग." डोळ्यांत भीती होती त्यांच्या. तो प्रश्न खरा होता, म्हणून मला जास्त राग आला. खोट्या माणसाशी भांडता येतं.

म्हणून मग फोनच राहिला.

फोनवर आमच्या वर्गाचा ग्रुप आहे. तिथं सगळे जयाला धीर देत होते. 'तू वाघीण आहेस.' 'हसत राहा.' चमचम करणारी फुलं, जोडलेले हात. वाघिणीला जीभ असते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तसं लिहिलंसुद्धा. तर एक जण म्हणाला, दिपाली निगेटिव्ह आहे.

शनिवारी मी वावरात असताना जयाचा फोन आला. आवाज जाड झाला होता, तोंडात खडा धरून बोलल्यासारखा.

"मले रडाचं हाये."

"मंग रड ना."

"कोठी रडू? खाटेवर रडली तर सिस्टर म्हणते बाकीचे पेशंट घाबरतात. कपिल म्हणते पॉझिटिव्ह राह्य. मोरीत जाऊन नळ सोडून रडाव का? मले तसं नाई रडाचं. मले ढावलो रडाचा हाये, दिपे. जीभ हाये तवरिक एकदा."

तांड्यातली नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते, तो ढावलो. ते नुसतं रडणं नसतं. त्याला चाल असते, शब्द असतात. माय वेगळी, भाऊ वेगळा, दावणीची गाय वेगळी, प्रत्येकाला त्याचे त्याचे शब्द. जयाला तो तिच्या काकीनं, बिजलीबाईनं शिकवला होता. कितीतरी संध्याकाळी मी त्या अंगणात बसून ऐकला. आता ज्यांच्या गळ्यात पडावं अशी जयाची माय राहिली नाही, भाऊ राहिला नाही. बिजलीबाई तेवढी आहे.

मी ओटी तिथंच बांधावर ओतली आणि भर दुपारी तांडा गाठला. बिजलीबाई अंगणात लसूण सोलत होती.

"काकी, जयाले ढावलो रडाचा हाये. मी फोन लावून देते. तुम्ही इकडून साथ द्या."

म्हातारीनं पाकळी खाली ठेवली. "ढावलो सासरी जानाऱ्या पोरीचा असते. दवाखान्यात जानारीचा नसते."

"तिले पाह्यजे हाये."

"पाह्यजे म्हनून? नांदाले चाललेल्या पोरीवर रडलं तर ते बरकत. दुखनेकरीवर रडलं तर ते मरनाचं रडनं. जितं लेकरू हाये माह्यं. त्याचं मरन मी तोंडानं बोलावू?"

"तुमाले तोंड हाये म्हनून बोलून राह्यल्या," मी म्हणाले. "तिचं सोमवारी जाऊन राह्यलं."

असं बोलायला नको होतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. बिजलीबाईनं ओढणी तोंडावर ओढली. खूप वेळ तिचे खांदे हलत होते, पण आवाज एकही नाही. मरणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती गप्प रडत होती. मी उठले तेव्हा ओढणीआडून म्हणाली, "तू रड. तू आमच्यातली नाईस. तुह्या रडन्याचा दोष नाई लागनार."

दोन घरं, दोन जाती, आणि दोन्हीकडे मला मिळालेलं उत्तर एकच: तू तिची कोणीच नाहीस. पण इथं त्याचा उपयोग तरी होता.

वावरात येऊन फोन लावला. जया दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसली होती.

"काकी नाई म्हनते. म्हनते ढावलो सासरी जाताना."

 जया म्हणाली, "मंग बरोबरच हाये ना. माही जीभ चालली सासरी. लहानपनापासून माह्या घरात वाढली, आता दुसरे लोक नेऊन राह्यले. मीच तिची माय. रडाव नाई काय?"

"रड. मी हाये. काकी म्हनते मले दोष नाई लागत."

"कायले लागीन? कुनब्याच्या घरी दोष तुले पकडाले थोडाच येते!"

मी सुरू केलं. तांड्यात ऐकलं होतं तसं लांब ओढलं. मधेच जया हसायला लागली. हसता हसता कळवळली, तोंडातला घाव दुखला असणार.

"थांब व! तू रडून राह्यली का हेल्याले हाकलून राह्यली? पयले नाव घे. मंग नातं. मंग दम सोडू नोको, तसाच खाली घेऊन ये."

"नातं काय लावू?"

पलीकडे कोणीतरी जिन्यावरून खाली गेलं, चपलांचा आवाज आला आणि गेला.

"बाई म्हन," ती म्हणाली. "सख्ख्या बहिनीले म्हन्तो तसं."

ती एक ओळ म्हणायची, मी तिच्यामागून. शब्द बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले, माझ्या तोंडात वाकडे होत होते. ती दुरुस्त करायची. जिभेचं शेवटचं बोलणं तिनं मला शिकवण्यात घालवलं. मग शिकवणं कधी संपलं आणि रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. ती मायचं नाव घेऊन रडली, भावाचं घेऊन रडली, मग माझं. मी मोठ्यानं साथ देत होते. शेजारच्या वावरातल्या वेचणाऱ्या बाया धावत आल्या.

"कोन गेलं व? कोन गेलं?"

"कोनीच नाई गेलं," मी फोनवर हात ठेवून ओरडले. "जा तुमी, कापूस वेचा."

सोमवारी कपिलचा मेसेज आला, 'ऑपरेशन यशस्वी', आणि वर केलेला अंगठा. ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. मी सासऱ्यांना कुशीवर वळवत होते. यशस्वी हा शब्द मी मनात उलटून पालटून पाहिला. तिचं तोंड कुठंच नव्हतं त्यात.

पुढं बरेच दिवस कपिल फोन उचलेना. एका दुपारी मी वावरातून लावला, तेव्हा उचलला.

"तिले ऐकू येते, वहिनी. बोला, कानाले लावतो."

"जये," मी म्हणाले.

श्वास ऐकू आला. गळ्यातल्या नळीतून येणारा, ओला, घरघर करणारा. मी सांगायला बसले होते की बिजलीबाई बरी आहे, कापसाला भाव नाही, असलंच काहीतरी. ते सगळं तोंडातच राहिलं. मी तिचं नाव घेतलं, नातं लावलं आणि तिनं शिकवलेलं सुरू केलं.

अर्ध्यात कपिलचा आवाज आला. "वहिनी, बंद करा. डोये वाहून राह्यले तिचे. डॉक्टर कावतीन. तिले पॉझिटिव्ह ठेवाचं हाये."

"कपिल, फोन तिच्या कानाले ठेव आन् तू बाहीर जाय."

"अवं पन..."

"बाहीर जाय म्हन्लं ना!"

मग काहीच ऐकू आलं नाही. श्वासही नाही. तो गेला, का त्यानं फोन उशीखाली दाबला, का तिनंच तोंड फिरवलं, कळायला मार्ग नव्हता. फोन कानावरून काढून पाहिला. चालू होता. वावरात दुसरं कोणी नव्हतं. शब्द चुकले तर सांगणारं पलीकडे कोणी राहिलं नव्हतं.

मी पुन्हा नावापासून सुरू केलं.