सुलोचनेचं चिलखत काट्यावर

माझी सुलोचना पाचव्या पायरीवर पोचली तेव्हा ताराला चौथा दात फुटत होता. दोन्हींना सारखेच सात महिने लागले.

सुलोचना म्हणजे खेळातली मी. सरदारीण, डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत, हातात परशू. खेळ माझ्या दिराचा, गोकुळदासचा. त्यानं नेटवरून नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उतरवलं, डिचोलीला झेरॉक्स मारून आणलं आणि राक्षस, जादूगार, अजगर सगळे सुर्ल्याला आमच्या घरापुढच्या सोप्यावर आणून बसवले. दर रविवारी दुपारी नवरा ड्युटीवर, सासूबाई देवळात भजनाला. तारा झोपली की मी फासा टाकते. ती उठली की मी आत जाते आणि खेळ माझ्यावाचून पुढे सरकतो. एकदा परत आले तर सुलोचना विहिरीत होती. का, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही.

खेळात मेलं की पहिल्या पायरीपासून सुरुवात. पुन्हा सात महिने मला कोण देणार? तोवर तारा चालायला लागेल, आणि चालत्या पोरीच्या मागे धावणारी बाई फासा टाकत नाही. मग रविवारी मी सोप्यावर येणार ती चहाचा ट्रे घेऊनच. म्हणून सुलोचनेला मी जिवापाड जपत होते.

त्या रविवारी आम्ही खेळातल्या तेरेखोल नदीच्या काठाला पोचलो. पलीकडे अजगर. गोकुळदासनं घसा साफ केला.

"वैनी, सुलोचना बुडतली."

"अजून पाण्यात पाय घातला नाही रे!"

"चिलखत पंचवीस किलो. आजपासून नवो नियम. पंधरा किलोच्या वर वजन आसलां की पोहताना बुडपाचां. खऱ्या जगात तशेंच जाता."

"खऱ्या जगात तेरेखोलच्या पलीकडे अजगर आग ओकतो?"

"अजगर खोटो. पाणी खरां."

सखाराम उसळला. हा आमचा तिसरा गडी, पेडण्याहून मोटारसायकलवर येतो. एरवी कचेरीत कारकून, हंगामात दशावतारात राक्षस. खेळात मात्र उघडाबंब जादूगार. "गोकुळदास, हो अन्याय हां! तिणां चिलखत घेतलां म्हणून तू तिका जादू दिली नाय, पळूंक दिलां नाय. आता चिलखतच तिका बुडयता? मगे तिच्याकडे उरलां काय? खेळात पारडां सारखां होया."

"खरेपणा होया."

"खरेपणा! माझी गदा पुठ्ठ्याची. देवाच्या डोक्यार मारली की देव पडता. तो गदेन पडता? हार्मोनियमवालो सूर देता, तेव्हा पडता."

आरामखुर्चीत मामंजींचा पेपर खाली आला. माझे सासरे तीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होते. ट्रक रिकामा तोलायचा, भरून तोलायचा, वजा करायचं आणि चिठीवर छापायचं. चिठीवर नाही ती वस्तू जगात नाही, असा त्यांचा स्वभाव झालेला. तारा जन्मली तेव्हा हॉस्पिटलनं सांगितलेलं वजन त्यांनी मान्य केलं नव्हतं.

"पंचवीस किलो कोणी केलां?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात आसा, बाबा."

"पुस्तक काट्यावर गेल्लां?"

गोकुळदास उठला. मग मागीलदारी गेला आणि पोत्याखालून खडखडत काहीतरी ओढून आणलं. डिचोलीला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. डांबराच्या पिंपांचे पत्रे कापून त्यानं खरंखुरं चिलखत केलं होतं. छाती, पाठ, खांदे, मांड्या. आणि अगदी माझ्या मापाचं.

"माप कुठनं घेतलंस?"

"तुझो ड्रेस दोरीर सुकत आसलो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सुलोचनेची पाचवी पायरी जाली म्हणून. तुझ्या वाढदिवसाक दिवपाचां आसलां."

मला बुडवायला निघालेल्या माणसानं माझ्यासाठी गुपचूप पत्रा ठोकला होता. मी तो अंगावर चढवला. "काट्यावर चला," म्हणत मामंजी उठले.

गावाच्या टोकाला खाणीचा काटा आहे. खाण बंद झाल्यापासून चुकून एखादा ट्रक येतो. तिथला भिकाजी मामंजींच्याच हाताखाली शिकलेला. आम्हाला गोकुळदासच्या पिकअपमधून उतरताना बघून तो उभाच राहिला. पुढे मामंजी, मागे मी डांबराच्या पिंपात, त्यामागे झोपलेल्या ताराला खांद्यावर घेऊन राक्षसाच्या चालीनं सखाराम.

"माल खंयचो?" भिकाजीनं सवयीनं विचारलं.

"सून," मामंजी म्हणाले. "पयली भरलेली, मगे रिकामी."

ट्रक उभा राहतो त्या एवढ्या थोरल्या लोखंडी लादीच्या मधोमध मी एकटी उभी राहिले. उन्हानं पत्रा तापला होता, आणि आत मी शिजत होते.

"साठ!" भिकाजी ओरडला.

चिलखत उतरवलं. पुन्हा उभी राहिले.

"साठ!"

मामंजींनी चिठी हातात घेतली. "भरलेली साठ, रिकामी साठ. चिलखत शून्य."

"बाबा, हो काटो वीस-वीस किलोन मोजता!" गोकुळदास कळवळला. "ट्रकाचो तो! मधलां वजन ताका दिसना!"

"ह्या काट्यावर तुलून माल जपानाक गेलो," मामंजी हळू आवाजात म्हणाले. "जपानान कधी तक्रार केली नाय. तू करतंस?"

"परत तोला. परत एकदां."

मी पुन्हा पत्रे चढवले. तेवढ्यात तारा जागी झाली. सखारामचा चेहरा बघून तिनं असा टाहो फोडला की मी धावत जाऊन तिला उचललं आणि तशीच लादीवर परत आले. पत्र्यावर डोकं टेकून ती हुंदके देत राहिली.

"ऐशी!" भिकाजी ओरडला.

मामंजींनी चष्मा पुसला. मग नियमाप्रमाणे वजाबाकी केली आणि चिठीवर लिहून खाली सही ठोकली: चिलखत शून्य, नात वीस किलो.

"माका ठाऊक आसलां," ते म्हणाले. "हॉस्पिटलवाल्यांनी कमी लिहिल्लां."

घरी येऊन आम्ही पुन्हा काठावर बसलो. खेळातल्याही, सोप्यावरच्याही. तारा माझ्या मांडीवर होती, आता झोपायचं नाव घेईना.

"चिलखत शून्य. मान्य," गोकुळदास म्हणाला. त्याचा खरेपणा आता चिठीला बांधला गेला होता. "पण वैनी, तू पोरीक घेऊन खेळतंस. म्हणजे सुलोचनेच्या कडेर पोर आसा. वीस किलो. पंधराच्या वर. बुडली."

"मग चिलखत काढून ठेवते काठावर."

"काढ. वजन शून्यान कमी जातलां."

"पोरीक खाली ठेव गो," मामंजी म्हणाले. "खेळातली. खरी नाय."

खेळातलीच. काठावर ठेवायची आणि पलीकडे जायचं, एवढंच. मी ताराकडे बघितलं. ती माझ्या हातातल्या फाशाला चौथा दात लावून बघत होती.

"नाही ठेवणार," मी म्हटलं. "बुडव."

गोकुळदासनं पेन्सिल उचलली. सुलोचनेच्या कागदावर नावाच्या डोक्यावर नेली, आणि तिथेच थांबला.

"राव रे!" सखाराम पुढे सरकला. "माझ्या जादूगाराकडे वजन कितलां?"

"लंगोटी. काय नाय."

"तर पोरीचो एक हात वैनीन धरूचो, एक मी. वीसाचे दहा-दहा. दोघांय पंधराच्या आत."

गोकुळदासनं पुस्तक चाळलं, चिठी बघितली, दोन बोटांवर हिशोब केला. नियम त्याचाच होता, त्याला फट सापडली नाही. "...पोहलांत," तो म्हणाला, आणि मला वाटतं, पेन्सिल खाली ठेवताना तोच जास्त सुटला.

पलीकडचा काठ आला. गुहेतून अजगर बाहेर आला. मी परशू उगारला, आणि तारानं भुकेचं रडणं सुरू केलं. मी उठले. नेहमीसारखी.

"तुम्ही चालू द्या," मी म्हटलं.

"चालू कसां दिवपाचां?" गोकुळदास चिडून म्हणाला. "खऱ्या जगात पोर भुकेलां की आवय कितां करता? पाजता. सुलोचना पाजतली. कितलो वेळ लागता?"

"पंधरा मिनिटं."

"एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे दीडशे फेऱ्यो."

"आणि अजगर?" सखारामनं विचारलं.

गोकुळदासनं पुस्तकाची पानं उलटली. अजगरानं अशा वेळी काय करावं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "रावतलो," तो म्हणाला. अजगर थांबणार होता.

आतल्या खोलीत खिडकीपाशी बसून मी ताराला पाजलं. बाहेरून फाशाचा आवाज येत नव्हता. मामंजींचा येत होता, काट्यावरच्या संथ सुरात फेऱ्या मोजणारा. एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.

तारा घुटके घेत होती. मी घाई केली नाही.